उलटी बसवलेली काच

पौषातली सकाळ. कृष्णेच्या पात्रावरून शुभ्र, शांत, शीतल धुकं उठत होतं, उठता उठता वाईच्या घाटावर रेंगाळत होतं. आणि मुतालिकांच्या फोटो-स्टुडिओच्या काचेच्या छपरातून मंद, मधाळ ऊन खाली उतरत होतं.

त्या उन्हात वामन मुतालिक पितळी भिंग पुसत बसला होता. भिंग कसलं, वीतभर लांबीचा सुवर्णकांती नळाच तो! त्याच्या अण्णांचा, अण्णांच्या सागवानी पेटी-कॅमेऱ्याचा एकुलता एक डोळा. अण्णा गेल्यापासून तो मिटलेलाच होता. महिनाभर वामन त्याची सेवा करत होता. शटरच्या विरलेल्या पडद्याला नवं काळं रेशीम लावलं, गंजलेली स्प्रिंग उजळली, काचांवरची बुरशी कापसाने हळुवार टिपली. आणि काल मागची काच काढताना त्याच्या लक्षात आलं. ती उलटी बसवलेली होती.

म्हणजे जन्मभर? अण्णांच्या फोटोंतले ते धूसर गाल, ती वितळलेली कपाळं, सगळं या चुकीपायी? गाव म्हणायचं, मुतालिकांच्या हाताला धार नाही. अण्णा ऐकायचे, हसायचे, गप्प बसायचे. वामन मात्र वडिलांसाठी चारचौघांत हमरीतुमरीवर यायचा. आता कुठल्या तोंडाने भांडणार? त्याने काच सुलटी केली. चित्र असं लख्ख उमटलं की केसन् केस मोजावा. पण अण्णांना अग्नी देतानाही वाटलं नव्हतं, इतकं पोरकं त्याला काल वाटलं.

दारात सावली पडली. पसरणीच्या सगुणाबाई आल्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, चेहराभर देवीचे वण. फोटो काढायचा होता, आणि तोही त्याच जुन्या कॅमेऱ्याने. खूण म्हणून त्यांनी पिशवीतून त्यांचा लग्नाआधीचा फोटो काढला, अण्णांनी काढलेला. सतरा वर्षांची मुलगी. नितळ, निर्मळ, नवनीतकोमल. वामनने फोटो पाहिला, बाईंकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. मावशी, आता तसा यायचा नाही, तो म्हणाला. अण्णांकडून काच चुकून उलटी बसली होती, ती मी सुलटी केली.

सगुणाबाई स्टुलावर टेकल्या. चूक कसली, म्हणाल्या. त्या साली देवीने गावोगावच्या पोरी गाठल्या होत्या, सगुणाबाईंनाही. स्थळ लष्करातलं, लांबचं. फोटोवरच पसंती व्हायची होती. कॅमेऱ्यापुढे बसल्या आणि रडूच कोसळलं. अण्णांनी नळा खोलला, काच उलटी केली, आणि आता बस पोरी, म्हणाले. मागोमाग अशा कितीतरी पोरी आल्या. अण्णांनी ती काच पुन्हा कधी सुलटी केलीच नाही.

वामनचे डोळे भरून आले. अण्णा, चुकलो मी, तो मनात म्हणाला. मग त्याने नळ्याला हात घातला, मावशींसाठी काच पुन्हा उलटी करायला.

सगुणाबाईंनी तो हात धरला.

"नगं, भाऊ. ती सुलटी करून मागायलाच आले व्हते. मालकांनी ह्यो फोटो भिंतीला कधी लावू दिला न्हाई. म्हनायचे, ह्यात तू कुठं हायस? औंदा ते गेले. त्यांच्या फोटोशेजारी आजचा लावायचाय मला. ज्या तोंडासंगं त्यांनी संसार केला, त्येच तोंड पायजे."

वामन काळ्या कापडाखाली शिरला. दुधी काचेवर सगुणाबाई उलट्या तरंगत होत्या, शांत, स्थिर, कृष्णेतल्या प्रतिबिंबासारख्या. त्याने श्वास रोखला. रेशमी पडदा खस्सकन सरकला.

दुपारी, लाल दिव्याच्या उजेडात, रसायनाखालच्या कागदावर आधी डोळे आले, मग ओठ आले, मग ओठांवरचं हसू आलं. आणि मग हळूहळू, हळूहळू, कपाळावरचे, गालांवरचे, हनुवटीवरचे, एकामागून एक सगळे वण आले. एकही हरवला नव्हता.