मादामचं ताट

रामाकोना गावात फ्रेंचचं एम.ए. करणारी उर्वशी पहिलीच, आणि ही गोष्ट अंबाबाईंनी भाजी घेता घेता अख्ख्या बाजाराला ऐकवलेली. स्वतः चौथीत शाळा सोडली, पण पुतणीचा तोरा असा मिरवत, की परीक्षा जणू त्यांनीच दिली.

त्या पुतणीचा जीव मात्र सध्या टांगणीला लागला होता. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तिनं विषय घेतला होता, फ्रेंच घरातलं जेवण आणि आपल्याकडचं जेवण. तिच्या प्राध्यापिका मादाम क्लेर मूळच्या फ्रान्सच्याच. त्या म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकातून उतरवलंय. तुझ्या घरचं यात काय आहे?" विषय नाकारला, तर दरवर्षीच्या त्याच कादंबरीवर लिहिणं आलं. शेवटी मादामच म्हणाल्या, घरी येऊन पाहते, मग ठरवते.

"मोठी आई, त्यायले आग्रह नको करजो," उर्वशीनं सकाळीच बजावलं. "त्यायच्याकडे चालत नाही."

"मी काय कोणाच्या तोंडात कोंबून राहिली का वं?" अंबाबाई फणकारल्या. "एक शब्द बोलणार नाही, जाय!"

आणि खरंच बोलल्या नाहीत. पाटवडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, पुरणपोळी, वर तुपाची धार. मादामनी हातानं निगुतीनं खाल्लं आणि ताट लख्ख केलं. या घरात ताट रिकामं म्हणजे माणूस उपाशी. अंबाबाईंनी मुकाट्यानं पोळी वाढली. मादामनी हसून तीही संपवली. यांनी पुन्हा वाढली.

"बाई खाणारी आहे," स्वयंपाकघरात त्या जावेला, उर्वशीच्या आईला म्हणाल्या. "तुझ्या पोट्टीसारखी चिमणीच्या चोचीनं नाही खात. लाट सुधा, अजून लाट!"

मग मादामचा चेहरा लालबुंद झाला. कपाळावर घाम. उर्वशीनं फ्रेंचमध्ये विचारलं, मादाम हळूच काहीतरी पुटपुटल्या, आणि उर्वशीनं कपाळाला हात लावला.

"मोठी आई, थांब! त्यायच्याकडे ताटात उरवलं तं रांधणारीचा अपमान होते. म्हणून खाऊन राहिल्या त्या, जिवावर उदार होऊन!"

"अन् आपल्याकडे रिकामं ताट पाहून वाढलं नाही तं घराची नाचक्की होते, हे सांगतलं का तिले?" अंबाबाई कसल्या हटतात! "तिच्यापायी घरच्यायले एक पोळी नाही उरली!"

उर्वशीनं सांगितलं. मादाम अशा हसल्या, की डोळ्यांतून पाणी, आणि एका हातानं पोट धरलेलं. दारात सुधाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

जरा दम खाऊन मादाम उर्वशीशी भराभरा बोलल्या.

"काय म्हणते?"

"म्हणतात, आम्हा दोघींच्या एकमेकींचा मान राखण्यात मी मेले असते. हे तुझ्या कागदात कुठं होतं? हेच लिही. मोठी आई, विषय मंजूर झाला!"

पोरगी गळ्यातच पडली.

"सोड वं, तुपाचे हात माझे!" अंबाबाई म्हणाल्या, पण त्यांनीही मिठी काही सोडली नाही. "अन् लिहिशील तं माझं नाव आडनावासकट लिहिजो. पोळी फुटली नव्हती, हेही टाकजो."