अठ्ठेचाळीस इंच

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, फ्लॉरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे, एका मोठ्या मनोरंजन-उद्यानाच्या फाटकापाशी इंडियानाहून आलेले स्टिकली कुटुंब उपस्थित होते. देशातली बहुतेक मुले त्या वेळी वर्गात बसलेली होती; म्हणूनच रांगा तोकड्या होत्या. मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे सहलीला निघतात ती याच दिवसांत, आणि मंगळवारी उद्यानात दिसलेले मूल कोणत्या शाळेचे, असे तिथे कोणी विचारत नाही.

लोवेल स्टिकली हा थीयाचा बाप आणि तिचा एकमेव शिक्षक. त्याची पत्नी कोरीन परिचारिका होती. घर तिच्या पगारावर चाले. शिक्षणाच्या प्रश्नांवर ती पतीशी वाद घालत नसे, कारण वाद त्याला आवडे. लोवेलचा नियम असा, की आधी धडा, मग पाळणा. चाच्यांच्या नौकेत पाऊल ठेवण्यापूर्वी समुद्रावरल्या वाऱ्यांचा नकाशा काढावा लागे. लाकडी घोड्यावर बसण्यापूर्वी चक्राचा परीघ. गेल्या वर्षी भुतांच्या घराबाहेर सावल्यांचे कोन मोजता मोजता ते घर दुरुस्तीसाठी बंद झाले, तेव्हा लोवेलने तो दिवस ‘संयम’ या विषयाच्या खात्यात जमा केला होता.

नऊ वर्षांच्या थीयाला यंदा एकच गोष्ट हवी होती: हेरॉन नावाचा रोलर कोस्टर. त्याच्या दाराशी एक खांब आहे, आणि खांबावर अठ्ठेचाळीस इंचांवर एक आडवी, फिरती दांडी. दांडी ज्याच्या डोक्याला लागत नाही, त्याला आत सोडत नाहीत. वयाच्या मानाने ठेंगण्या थीयाच्या डोक्यावरून ती दोन वर्षे निर्वेध फिरत आली होती. त्या सकाळी ती लागली. जेमतेम, पण लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना इंडियानाला परतायचे होते.

“आधी वेग,” लोवेल म्हणाला.

समोरच्या कट्ट्यावर उभे राहायचे, आणि गाडीला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत किती वेळ लागतो ते लोवेलच्या गळ्यातल्या घड्याळावर मोजायचे, असा तो धडा होता. वेग आत बसून कळणार नाही का, असे थीयाने विचारले. लोवेलने सांगितले, की आत बसलेल्याला वेग कळत नाही, केवळ वेगातला बदल कळतो. हे विधान खरे होते, आणि थीयाला त्याचा काही उपयोग नव्हता. पहिले उत्तर चुकले, कारण गाडीची लांबी धरायची राहिली. दुसऱ्याच्या वेळी खांबांमधले अंतर पावलांनी मोजावे की सावलीवरून काढावे, यावर बापलेकींचा दीर्घ वाद झाला. दुपार उतरू लागली तेव्हा उत्तर बरोबर आले. लोवेलने ते मान्य केले, आणि त्याच वेळी आभाळ गडगडले. जवळपास वीज चमकली की तिथे उंचावरचे सगळे पाळणे थांबवतात. हेरॉनच्या दारावरच्या माणसाने साखळी ओढून घेतली.

“लोवेल, एक विचारू?” कोरीन म्हणाली. “त्या उत्तराचं आता काय करायचं?”

“उत्तर कुठे पळून जात नाही.”

“तेच म्हणतेय मी. उत्तर जात नाही. पोरगी उद्या जातेय.”

पाऊस कोसळू लागला. प्लास्टिकचे डगले घातलेली माणसे हॉटेलांकडे धावली. हे तिघे एका बंद दुकानाच्या छपराखाली थांबले. लोवेलने विजेचे अंतर मोजण्याचा प्रस्ताव मांडला. थीया बाकावर सपशेल आडवी झाली. रुसण्याने कोणताही प्रश्न सुटत नाही, या विषयावर लोवेलने सौम्य शब्दांत बोलण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या वाक्यातच तिने त्याला थांबवले.

“मी रुसले नाहीये, बाबा. मी उंच होतेय.”

तिचे म्हणणे असे होते: दिवसभर उभे राहिल्याने पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात, म्हणून माणूस संध्याकाळी किंचित बुटका होतो, निजल्यावर गाद्या पुन्हा फुगतात, हाडांच्या धड्यात हे बाबानेच सांगितले होते, आणि आज सकाळपासून तिला कट्ट्यावर कोणी उभे केले होते, हेही बाबाला ठाऊक होते.

लोवेलने आक्षेप शोधून पाहिला. युक्तिवाद निर्दोष होता.

“डोक्याखालची पिशवी काढ,” तो अखेर म्हणाला. “मान सरळ हवी.”

कोरीनने तिला पीनट बटरच्या सँडविचचे तुकडे निजल्या निजल्या भरवले. वादळ रेंगाळत दूर गेले. उद्यान बंद व्हायला थोडा अवकाश उरला असताना हेरॉनची साखळी सुटली. थीया उठू लागली, तशी लोवेलने तिला अडवले. त्याने दोन्ही हातांवर तिला फळीसारखी आडवी उचलली आणि तशीच दारापर्यंत नेली.

दारावरचा माणूस पांढऱ्या केसांचा होता. “काय झालंय हिला?” त्याने विचारले.

“काही नाही,” कोरीन म्हणाली. “उंची सांडू नये म्हणून.”

थीया खांबाला टेकून उभी राहिली. दांडी फिरली, आणि लागली नाही.

“टाचा मागे,” लोवेल म्हणाला. “हनुवटी वर नको. समोर बघ.”

दांडी पुन्हा फिरली आणि केसांत अडली. त्या माणसाने तळव्याने तिचे केस चापून बसवले, आणि तिसऱ्यांदा दांडी फिरवली. ती डोक्याला लागली. तो बाजूला झाला.

गाडी निघाली तसा लोवेलचा हात गळ्यातल्या घड्याळाकडे गेला. कोरीनने ते त्याच्या गळ्यातून काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकले. मोजायला काही नसल्यामुळे नेमके कुठे पाहावे, हे त्याला कळेना. गाडी डोक्यावरून गेली. पुष्कळ जण ओरडत होते, आणि त्यांतला आपल्या मुलीचा आवाज कोणता, ते त्याला ओळखता आले नाही. तो मान वर करून तसाच उभा राहिला.

थीया खाली आली तेव्हा तिचे केस उभे होते आणि एका बुटाची नाडी सुटली होती. शरीराला वजन कोठे जाणवते आणि कोठे जाणवत नाही, असा दोन भागांचा प्रश्न लोवेलने योजून ठेवला होता. तो त्याने विचारला नाही.

“कसा होता?”

थीयाने विचार केला.

“छान होता,” ती म्हणाली.