पटांगण ओलांडेपर्यंत

"ती नको, ती नको! ती सरळ आहे, आपल्याला तिरपी हवी!" इक्राम ओरडली, आणि चौथीची पोरं बर्फाची वीट तिथेच टाकून दुसरीकडे धावली.

माँट्रियलच्या त्या शाळेत हिवाळी जत्रेचा आठवडा चालला होता. जेवणाच्या सुट्टीत पटांगणावर दोन वर्गांची चुरस लागलेली. पलीकडच्यांनी बर्फाची बुरूजवाली भिंत रचली होती. इक्रामच्या पोरांनी मात्र हट्टाने घुमटच बांधायला घेतला होता. घंटेच्या आत जे पुरं होईल तेच धरायचं, असं ठरलेलं.

"या वळशाला सोळा विटा लागल्या. वरच्याला पाव हिस्सा कमी. मायेल, किती कापायच्या?"

मायेल म्हणजे अपूर्णांकाचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी आणणारी पोर. तिने भिंतीकडे पाहिलं, ओल्या हातमोज्यातली बोटं हलवली, आणि एकदम किंचाळली, "बारा! बाराच!"

"मग उभी काय राहिलीस? पळ!"

पळणाऱ्या पोरीला मध्येच धरून इक्रामने तिचं वाहतं नाक पुसलं आणि सोडून दिलं. घरी इक्रामची लेक सिरीन बाहुल्यांना रांगेत बसवून दटावायची, "गप्प बसा, माझी आई शिकवतेय." आईला अजून वर्ग मिळाला नव्हता, ही गोष्ट बाहुल्यांना कुणी सांगितली नव्हती.

इक्रामकडे शिक्षिकेची पदवी होती. पण ती डोक्याला रुमाल बांधायची, आणि तिथल्या सरकारचा नवा कायदा आल्यापासून सरकारी शाळेत नव्याने शिक्षक होणाऱ्याला धर्माची खूण अंगावर घेऊन वर्गावर उभं राहता येत नव्हतं. आधीपासून शिकवणाऱ्या बायांचा रुमाल त्यांच्या त्यांच्या जागेवर चालून जायचा. इक्रामची पदवी कायद्याच्या मागून आली. जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या बाईला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. म्हणून ती लक्ष ठेवायची.

आज तर थंडीने सगळ्यांचीच डोकी झाकली होती. रुमालावरून लोकरी टोपी, गळपट्टी थेट नाकापर्यंत. "बघ गं," सोबतची म्हातारी गिलेन म्हणाली, "माझा क्रूस कोटाखाली, तुझा रुमाल टोपीखाली. हिवाळ्यात आपण दोघी अगदी सरकारला हव्या तशा!"

इक्राम हसत होती तेवढ्यात मस्यू लाफ्लॅम बर्फातून घसरत, सावरत आले. नाताळानंतर रुजू झालेले नवे मुख्याध्यापक. शाळेतली सगळी माणसं अजून त्यांच्या ओळखीची झाली नव्हती. चौथीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या आणि बदली कुणी मिळेना, म्हणून बिचारे हैराण होते.

"मादाम! तुम्ही बदली शिक्षिका ना? कुणी पाठवलं तुम्हाला? जाऊ दे, कुणी का पाठवेना! मी मघापासून खिडकीतून बघतोय. ती मायेल गणित करतेय! उड्या मारत करतेय! पदवी आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"मग सोमवारपासून हा वर्ग तुमचा! चला आत, कॉफी घेत बोलू."

इक्रामने गळपट्टी नाकावर आणखी वर ओढली. गिलेनने कोपर मारलं. "अगं, सांग की त्यांना!"

"सांगते," इक्राम पुटपुटली. "दारापर्यंत तरी जाऊ दे मला."

आणि ती चालू लागली. चालता चालता मस्यू विचारत होते, मागच्या भिंतीचं काय करायचं? तिथे पोरांची चित्रं लावू, ती म्हणाली. आणि बोलभांडांना? त्यांनाच मोठ्याने वाचायला लावू. तिच्याकडे सगळी उत्तरं तयार होती, किती दिवसांपासून तयार होती! पटांगणभर ती चौथीची बाई होती.

दार आलं. आत ओल्या बुटांचा वास आणि ऊब. मस्यूंनी पाय आपटून बर्फ झाडला आणि टोपी काढली. इक्रामनेही काढली.

खाली गर्द हिरवा रुमाल होता.

"अरे," ते म्हणाले. "तुम्ही... फक्त वर्गात असेपर्यंत तो काढून..."

"नाही मस्यू. तो विचार करून झालाय. फार वेळा झालाय. मी बाहेरच सांगायला हवं होतं, पण राहवलं नाही. इतकं छान वाटत होतं."

त्यांनी हातातल्या टोपीचा पार चोळामोळा केला. "माझ्या हातात असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. "आता सोमवारी तिथे कोण उभं राहणार, देवच जाणे."

"जपून हं," इक्राम म्हणाली. डोळे भरलेले, पण ओठ हसल्याशिवाय ऐकेनात. "सरकारी माणूस तुम्ही. देवाचं नाव घेताय!"

ते दचकले, आणि मग खो खो हसत सुटले. तीही हसली, गाल पुसत.

बाहेरून एकच कल्लोळ आला. "मादाम इक्राम! शेवटची वीट! लवकर!"

तिने टोपी डोक्यात कोंबली आणि धावत सुटली. मागून बर्फ तुडवत मस्यूही आले. घुमटाच्या डोक्यावर एवढंसं भोक उरलं होतं. इक्रामने वीट उचलली, काठ तासले, घुमटाला बाजूने खांदा द्यायला मस्यू होतेच. वीट बसली. आणि घंटा झाली!

पोरांनी आरोळ्या ठोकल्या, एकमेकांवर लोळली, आणि मग उंदरांसारखी सगळी आत शिरली.

"मादाम, या ना!" आतून मायेलचा आवाज आला. "इथे मुळीच थंडी नाही. टोपी काढा!"

इक्राम रांगत आत गेली. निळसर उजेडात पोरं गुडघ्याला गुडघा लावून गोल बसली होती, नाकं लाल. तिने टोपी काढली. रुमाल सारखा केला. पोरांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. ती सगळी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती.

घुमटाच्या तोंडाशी मस्यू लाफ्लॅम ओणवे झाले होते. त्यांनी घंटेचं नावही काढलं नाही.

"जागा आहे का एकाची?"

"आहे," मायेल सरकत म्हणाली. "पण श्शू! मादाम शिकवतायत."