शालूनं अर्ध्यावर सोडलेला मनोरा

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना मनोरा आहे. पाटावर तीन खुंट्या आणि त्यांवर ओवलेल्या लहानमोठ्या चकत्या, एवढाच माझा संसार. वडगावच्या यमनाप्पा विणकरांनी मोडक्या मागाच्या लाकडातून मला घडवलं, थोरल्या लेकीसाठी, शालूसाठी. एका वेळी एकच चकती उचलायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा ढीग पहिल्या खुंटीवरून तिसरीवर न्यायचा, असा हा खेळ.

शालू भारी चिवट. ताट निवलं तरी माझ्यापुढून उठायची नाही. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिला ताप भरला. मला अर्ध्यावर सोडून ती अंथरुणात शिरली, ती उठलीच नाही.

तिच्या आईनं, शेवंताबाईंनी, मला होतं तसं कोनाड्यात ठेवलं. धूळ झाडायची तीही फुंकरीनं. शेजारचे माग सुरू झाले की भिंती थरथरायच्या आणि माझी सगळ्यात लहान चकती हलकेच फिरायची. शेवंताबाई म्हणायच्या, "शालू आली." खरं सांगू? ती थरथर मागांची की शालूची, हे मलाही ठरवता येत नसे. मला भीती वाटायची, आणि थरथर थांबली की करमायचंही नाही.

पुढे यमनाप्पाही गेले. धाकटी इंदू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकू लागली. एके दिवशी ती हरखून घरी आली. "आई, शालूआक्काचा खेळ कॉलेजातला संगणक सोडवतोय बघ!" तिचा प्रोग्राम पहिल्या खुंटीवरच्या पूर्ण ढिगापासून सुरू व्हायचा. म्हणून चकत्या परत तिथं रचायला तिनं हात घातला, आणि शेवंताबाईंनी तिचं मनगट धरलं.

"हात लावू नगंस! तिनं ठेवलंय ते. मोडलंस तर माझी पोर पुन्यांदा मरंल."

इंदूचं तोंड एवढंसं झालं. बरेच दिवस ती माझ्याकडे नुसती बघत बसे. मग एकदा म्हणाली, "आई, आप्पा गेले तवा साडी मागावर अर्धीच हुती. कापलीस काय ती?"

"न्हाय. गेलेल्यानं मागावर लावलेला ताणा, उभं सूत, कापत न्हाईत."

"उसवलीस?"

"खुळी का काय! तिथनंच म्होरं विणली."

"मग ह्ये बी तिथनंच म्होरं."

शेवंताबाईंनी नाही म्हटलं नाही. इंदूनं नवा प्रोग्राम लिहिला. कुठल्याही चकत्या कुठेही असोत, तो तिथूनच पुढे जायचा. आईला तिनं समजावलं, "मोठी चकती वरचा ढीग हलंपर्यंत थांबती. त्या ढिगातली मोठी तिच्या वरचा हलंपर्यंत. असं सगळ्या थांबून ऱ्हात्यात. शेवटाला एकटी लहान उरती, ती नुसती उचलायची. मग थांबलेल्या एकेक सुटत्यात."

"मी बी तशीच थांबलीया गं," शेवंताबाई म्हणाल्या.

संगणकानं सांगितलेल्या चाली कागदावर उतरवून आणून इंदू एकेक करत गेली. प्रत्येक चालीला तिच्या बोटांखाली मला आणखी एक गार हात जाणवत होता. शेवटची लहान चकती मात्र शेवंताबाईंनी उचलली, क्षणभर छातीशी धरली आणि तिसऱ्या खुंटीवर सोडली. "जा बाई आता," म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी मोकळ्या रडल्या.

मित्रांनो, कुणाचं अर्धं राहिलेलं काम तुमच्या घरी असेल, तर त्याला नुसतं जपून मारू नका. तिथूनच पुढे न्या. शेवंताबाई आता रात्री शांत झोपतात. शेजारचे माग अजून चालतात, भिंती अजून थरथरतात. माझी लहान चकती मात्र हलत नाही. बरंच झालं म्हणायचं. पण वाटतं, त्यांनी ती आणखी थोडा वेळ हातात धरायला हवी होती.