एकोणीस इंची चाकं आणि कणकेचं कबूतर

व्रेलो गावात माणसाची ऐपत त्याच्या गाडीवरून ठरते आणि गाडीची ऐपत तिच्या चाकांवरून. म्हणून व्हिएन्नात तीस वर्षं भिंतींना गिलावा करून गावी परतलेल्या रादेन्कोने अडीच टनांची काळी जर्मन गाडी घेतली, तेव्हा चाकंही मिळतील तेवढी मोठी घेतली. बावीस इंची. चांदीच्या ताटासारख्या त्या रिमांवर रबर म्हणजे आपलं नावाला, चार बोटं. हिवाळा आला की तो त्याच रिमांवर हिवाळी टायर चढवायचा, आणि तेही तितकेच पातळ. हौसेला मोल नसतं, हे खरंच. पण व्रेलोचा रस्ता हौशी माणसांसाठी बांधलेला नव्हता. तो खड्ड्यांचाच होता, मधूनमधून डांबराची ठिगळं होती एवढंच.

गाडी घेतली ती मात्र नुसती मिरवायला नाही. तीस वर्षं तो सणावाराला बसने घरी यायचा, मांडीवर पिशव्या घेऊन, दोन सरहद्दींवर झोपमोड करून. दर वेळी बसमध्ये तो मनाशी एकच म्हणायचा, की एक दिवस आईला स्वतःच्या गाडीत घालून व्हिएन्नाला नेईन, आणि मी गिलावा केलेली घरं तिला दाखवीन. त्याची आई स्तामेना ऐंशी ओलांडलेली. मुलगा तीस वर्षं जिथे राहिला ते शहर तिने फोटोतही नीट पाहिलं नव्हतं.

आणि ही आई गेली दोन वर्षं त्याच्या गाडीला शिवत नव्हती.

झालं होतं ते असं. संत आंद्रेय हा त्यांचा कुलसंत. डिसेंबरात त्याचा दिवस येतो. त्या सकाळी घरचा पाव चर्चमध्ये न्यायचा, पाद्रीबाबांनी त्यावर वाइन ओतून तो कापायचा, आणि मग दिवसभर पाहुणे. त्या पावावर कणकेची नक्षी असते, द्राक्षांचा घोस, गव्हाची लोंबी, आणि मधोमध कबूतर. स्तामेनाच्या हातच्या कबूतराला पंचक्रोशीत तोड नव्हती. गाडी नवीन होती त्या वर्षी ती पाव मांडीवर घेऊन रादेन्कोशेजारी बसली. तो वाटभर व्हिएन्नाच्या गप्पा मारत होता. वसंतात जाऊ, आई, दहा तासांचा तर रस्ता, तुला कळणारसुद्धा नाही. चर्चच्या दारात तिने पावावरचं फडकं काढलं तर कबूतराचं मुंडकं मोडलेलं. सगळ्या गावासमोर. हिसके बसतात बाई ह्या गाडीत, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या वर्षी तिने पाव घेतला आणि सरळ विटोमिरच्या जुन्या झास्तावा गाडीत जाऊन बसली. विटोमिर म्हणजे रादेन्कोचा कूम, लग्नात त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला, भावापेक्षा जवळचा आणि म्हणूनच भावापेक्षा जास्त टोचून बोलणारा. त्याची ती लाल झास्तावा चाळीस वर्षांची, चाकं केकएवढी. पुढे ती खडखडत चालली, त्यात संताचा पाव आणि म्हातारी, आणि मागून रादेन्कोची काळी गाडी रिकामी. गावाने हे दृश्य वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं. त्यानंतर स्तामेना डॉक्टरकडेही बसने जायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, हिने तर ताकाचं भांडंच घराबाहेर ठेवलं होतं.

या वर्षी शरद ऋतूत रादेन्कोने ठरवलं, की चाकं बदलायची. लहान चाक म्हणजे रबर जाड, आणि रबर जाड म्हणजे हिसके कमी. बायको बिल्यानाला हे अजिबात पटलं नाही. त्या गाडीला बारकी चाकं म्हणजे भरजरी शालूवर रबरी चपला, असं तिचं म्हणणं. शिवाय कबूतर एकदा मोडलं म्हणून नेहमी मोडेल कशावरून?

मग दोघांनी प्रयोग केला. बिल्यानाने एक पाव भाजला, त्यावर कबूतर बसवलं, आणि रादेन्कोने तो आईच्या जागेवर ठेवून, फडकं घालून, बावीस इंची चाकांवर घर ते चर्च अशी फेरी मारली. रस्ताभर त्याचे स्वतःचे दात एकमेकांवर आपटत होते. परत आल्यावर फडकं काढलं. कबूतर शाबूत. दुसरी फेरी जोरात मारली. तरी शाबूत.

"झालं समाधान?" बिल्याना म्हणाली.

"हे कबूतर आहे का? कोंबडी आहे ही. आईचं कबूतर नाजूक असतं."

बिल्यानाने त्या रात्री त्याला त्याच पावाबरोबर आमटी वाढली आणि त्या कणकेच्या ‘कोंबडी’ची मान त्याच्या वाट्याला येईल अशी काळजी घेतली.

तरी तो दुसऱ्या दिवशी तालुक्याला ल्युबिंकाच्या टायरच्या दुकानात गेलाच. ल्युबिंकाला आधी वाटलं की हा मोठी चाकं मागायला आलाय, कारण असल्या गाड्यांचे मालक तेवढ्यासाठीच येतात. लहान हवीत म्हटल्यावर तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. जितकी लहान बसतील तितकी, तो म्हणाला. तिने अठरा इंची लावून पाहिलं, तर रिम पुढच्या ब्रेकला घासली, चाक फिरेचना. इतक्या जड गाडीला थांबवायला ब्रेकही तसेच भले मोठे, त्यांच्यावरून एकोणीसच्या खालचं काही जाईना. म्हणजे एकोणीस. आता टायर. स्वस्तातले एक होते, पण ते हलक्या गाड्यांचे, एवढ्या वजनाखाली बसले असते. भार पेलणाऱ्यांत दोन जाती निघाल्या. एक कडक बाजूंचे, मोकळ्या महामार्गावर जोरात पळवणाऱ्यांसाठी, दुसरे मऊ, बर्फात आणि वाईट रस्त्यावर चालणारे. रादेन्कोने दोन्हींच्या बाजूंवर अंगठा दाबून पाहिला, बाजारात पावाची लादी दाबून बघतात तसा. ल्युबिंकाने त्याला सांगितलं की टायर असा कळत नाही. त्याने तरी पुन्हा दाबला आणि मऊ घेतले. वळणावर गाडी जराशी डोलेल, तेवढी तयारी ठेव, ती म्हणाली. डोलू दे, तो म्हणाला.

घरी येईपर्यंतच त्याला फरक कळला. गाडी खड्ड्यात उतरायची आणि वर यायची, पण सांगायची नाही. तो एकटाच गाडीत हसला. दिसायला मात्र गाडी पार बदलली होती. चाकांच्या कमानींत चांदीऐवजी काळंच काळं, मधे साधी करडी रिम आणि भोवती सहा बोटं रबर. बावीस इंची चाकं त्याने गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवली आणि त्यांच्यावर जुनं घोंगडं टाकलं.

विटोमिरला कळायला वेळ लागला नाही. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"एवढा हत्ती," तो म्हणाला, "आणि पावलं मांजराची. कूम, विकलीस की काय रे ती चाकं?"

"गोठ्यात आहेत. तुला हवी तर ने, झास्तावाला लाव."

"माझ्या झास्तावाला कशाला? तिच्यातला पाव मोडत नाही."

हे रादेन्कोला लागलं. त्याची खरी भीती वेगळीच होती. चाकं बदलली, हसू करून घेतलं, आणि तरीही आई झास्तावाकडे वळली तर? मग दोष चाकांचा नव्हता असं होईल. मग आईला तो स्वतःच, त्याची गाडी, त्याचं परदेश, सगळंच नकोसं झालंय असं होईल. या विचाराने तो सणाच्या आदल्या आठवड्यात नीट जेवलासुद्धा नाही.

संत आंद्रेयच्या सकाळी गुडघाभर बर्फ होता आणि आकाश निळं. नाताळाआधीचा उपास चालू होता, त्यात मांस-दूध चालत नाही पण मासे चालतात, म्हणून घरात भाजलेल्या वालांचा आणि तळलेल्या माशांचा वास भरला होता. अंगणात दोन्ही गाड्या सुरू होत्या. विटोमिर झास्तावाचं दार उघडून उभा, रादेन्को आपल्या गाडीचं. स्तामेना फडक्याने झाकलेला पाव घेऊन पायरीवर आली. ती काळ्या गाडीच्या चाकाजवळ थांबली, आणि काठीच्या टोकाने टायरची बाजू दाबली. मग पुन्हा दाबली.

"हे जाड दिसतात," ती म्हणाली.

"जाड आहेत, आई. मऊ आहेत."

तिने झास्तावाकडे एकदा पाहिलं. "पुलापर्यंत येते. पुलावर बघू."

रादेन्कोने तिला हात दिला. विटोमिर झास्तावा घेऊन मागे निघाला, वेळ पडली तर असावी म्हणून. पुलापर्यंत रादेन्को गाडी इतकी हळू चालवत होता की शेजारून एक कुत्रं आरामात पुढे गेलं. पुलावर त्याने वेग कमी केला आणि विचारलं, थांबू का? उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, आई विचार करतेय. त्याने मान वळवून पाहायची हिंमत केली नाही. व्हिएन्नाचं नाव तर त्याने घेतलंच नाही.

चर्चच्या आवारात गाडी उभी करून त्याने वळून पाहिलं. दोन्ही हात पावाभोवती, डोक्यावरचा रुमाल कलला आहे, आणि स्तामेना गाढ झोपली आहे. तोंड किंचित उघडं. गेली कित्येक वर्षं रादेन्कोने आईला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. रात्रीही ती झोपायची की नाही, कोण जाणे, कारण तिच्या खोलीतून पाठ सांभाळत कूस बदलल्याचा आवाज यायचा. त्याने इंजिन बंद केलं नाही, म्हणजे ऊब जाणार नाही. विटोमिरने येऊन काचेवर टकटक केली तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवलं. विटोमिरने आत डोकावून पाहिलं, टोपी काढली, आणि पाद्रीबाबांना थोडं थांबायला सांगायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला टोमणा सुचला नसावा.

ती आपोआप जागी झाली. पाव आत गेला, फडकं निघालं. कबूतर पंख पसरून शाबूत बसलेलं. पाद्रीबाबांनी वाइन ओतली, पाव कापला, आणि रादेन्को इतका खुशीत होता की त्याने बाहेर चार जणांना आपणहून टायर दाखवले.

परतीच्या वाटेवर तो बोलत सुटला. पाहिलंस ना, आई? चोचीलासुद्धा धक्का नाही. सगळी टायरची करामत.

स्तामेना गालात हसली. "टायरनं कबूतराला काय होतंय? तुझ्या बायकोच्या कबूतराला काही झालं का?"

"तिची कोंबडी होती."

"राद्या, ते मीच मोडलं होतं."

त्याला कळलं नाही.

"अंगठ्यानं," ती म्हणाली. "फडक्याखाली. चर्चचं वळण आलं तेव्हा. प्रत्येक खड्डा माझ्या पाठीत जात होता रे, डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. आणि तू म्हणत होतास, दहा तास, व्हिएन्ना, कळणारसुद्धा नाही. एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी. तुला कसं सांगायचं की तिच्यात मला बसवत नाही? पावाचं निमित्त केलं. पावावर राग कोण धरतो?"

"संताचा पाव, आई."

"मग? चर्चमध्ये पापाची कबुली दिली मी. पाद्रीबाबा म्हणाले, रोज जमिनीला डोकं टेकून नमस्कार घाल. मी म्हटलं, पाठ वाकत असती तर हे पाप कशाला केलं असतं?"

रादेन्को हसायला गेला आणि त्याला रडू आलं. आईला आपण नकोसे झालोय, अशी त्याला धास्ती होती. आणि इकडे त्या बाईने, जिने उपासाच्या दिवशी कधी चमचाभर दूध घेतलं नाही, त्याचं मन राखायला कुलसंताच्या पावाला हात लावला होता. त्याने बाहीने डोळे पुसले. गाडी खड्ड्यातून गेली आणि दोघांनाही कळलं नाही.

"वसंतात ही चाकं काढशील?" स्तामेनाने विचारलं.

"टायर उन्हाळी घालीन. चाकं हीच राहतील."

"मग ती तुझी घरं बघू एकदा. पाव मी इथूनच करून घेते, तिथला कसला असतो देव जाणे."

घराचं वळण आलं. फाटकाशी बिल्याना उभी होती, अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या, आणि मागून विटोमिरने हॉर्न वाजवला, कारण त्याला भूक लागली होती. रादेन्कोने वेग कमी केला.

"वळू नकोस इतक्यात," स्तामेना म्हणाली आणि सीटला पाठ टेकली. "अजून एकदा पुलापर्यंत जाऊन येऊ."