सुरई वाढली

हौसाबाईची निळी चिनी सुरई फडताळावरून पडली आणि वाढू लागली.

दुपारची वेळ होती. हौसाबाई फडताळ पुसत होती. कोपराचा धक्का लागला, सुरई फरशीवर आदळली, खळ्ळकन आवाज झाला, आणि हौसाबाईच्या तोंडून जन्माच्या सवयीने शब्द गेला, "वाढली." आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळसुद्धा वाढवतात. फुटणं अशुभ. सगळ्याच बायका असं म्हणतात आणि मग केरसुणी आणून तुकडे गोळा करतात. हौसाबाईही केरसुणी घेऊन आली. पण गोळा करायला काही नव्हतं. सुरई फरशीवर धडधाकट उभी होती, आणि मघाशी ज्या कप्प्यात बसत होती त्यात आता बसली नसती.

"बरं," हौसाबाई म्हणाली, आणि केरसुणी जागेवर ठेवली.

हौसाबाई म्हणजे साताऱ्यातली बोहारीण. मधोमध भांग पाडलेलं पांढरं डोकं, डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची पातेली आणि डबे, आणि गल्लीगल्लीतून हाक: जुन्या कापडावर भांडी. फाटकी लुगडी, विटकी धोतरं घ्यायची आणि भांडं द्यायचं, यात तिचा उभा जन्म गेला. पण काही घरांत ती कापड मागतच नसे. तिची नजर माळ्यावर जाई. "ते वर धुळीत काय हाय?" असं विचारून ती कोऱ्या डब्याच्या बदल्यात असं काही घेऊन निघे की त्या घरची सून पदराआड हसायची. सुभेदाराने ब्रह्मदेशच्या लढाईवरून आणलेला लाखेचा लाल डबा तिने असाच मिळवला. वकिलांच्या दिवाणखान्यातली बेल्जियमच्या काचेची गुलाबी हंडी अशीच आली. एक जपानी कप होता, अंड्याच्या टरफलाइतका पातळ. उजेडासमोर धरला की त्याच्या तळाशी एका बाईचा चेहरा दिसे. आणि ही सुरई. पलटणीतून सिंगापूरला गेलेल्या कुणा हवालदाराने ती कांबळ्यात गुंडाळून, उशाला घेऊन आणली होती. यातलं हौसाबाईने कधी काही विकलं नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणे, "हौस हाय. नावातच हाय, दुसरीकडं कुठं शोधता?"

सुरई भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी वाढत होती. बघत बसलं तर काही होत नसे. पाठ फिरवून परत बघितलं की जास्त झालेली असे. तिच्यावर एक पूल रंगवलेला होता, पुलावर छत्री धरलेला म्हातारा, खाली होडी, होडीत झोपलेला माणूस. म्हातारा आधी करंगळीएवढा होता. आठवडा सरला तेव्हा तो हौसाबाईच्या कमरेला आला होता. तो कंटाळलेला आहे हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लहान होता तोवर तो हसतोय असं तिला वाटायचं.

तिने कॉट भिंतीला सरकवली. मग कॉट उभी केली आणि खाली चटई टाकली.

पुण्याहून कारखानीस आले. जुन्या काचेचे आणि चिनी मातीचे ते जाणकार. दर दिवाळीनंतर येत, सुरई हातात घेत, बुडाशी नख वाजवून बघत आणि विचारत, "देता का?" हौसाबाई चहा देई, सुरई देत नसे. या खेपेला ते दारातच थांबले, कारण आत दोघांना उभं राहायला जागा नव्हती.

"फार सुंदर," ते म्हणाले. "पण मला लहान होती तीच हवी होती."

"लहान होती तेव्हा मलाबी तीच हवी होती," हौसाबाई म्हणाली.

"हे झालं कसं?"

"पडली. मी वाढली म्हणलं."

कारखानीसांनी दारातूनच हात लांबवून सुरईवर नख वाजवलं. मग मायेने म्हणाले, "हौसाबाई, मग फुटली म्हणा. एकदाच. जे झालंय तेच म्हणायचं, खोटं काही नाही. तुकडे मी घेऊन जातो. पुण्यात जोडणारा माणूस आहे माझा. सांधा दिसणारसुद्धा नाही."

"तुम्हाला दिसणार न्हाई, सायेब. तिला तर म्हाईत असंल."

कारखानीसांनी चहा दारातच उभ्याने घेतला. हौसाबाईचा तिच्या हातात होता, वाफाळता. तिने तो बशीत ओतला आणि निववायला फू केलं. तोंडातून 'फू' गेलं, 'फुटली'चं पहिलं अक्षर, तशी सुरई चर्रकन वाजली. गळ्यापासून पोटापर्यंत केसाएवढी चीर पडली. पुलावरच्या म्हाताऱ्याच्या छत्रीचे दोन भाग झाले. हौसाबाईने झटकन तोंडावर हात दाबला, मग हात काढून म्हणाली, "वाढली, वाढली." चीर बुजली आणि सुरई आणखी वीतभर वर गेली.

त्या दिवसापासून ती चहा कढत पिऊ लागली. चूलही फुंकेना. पुठ्ठ्याने वारा घाली.

सुरईचं तोंड आढ्याला टेकलं तेव्हा ती रुंद व्हायला लागली. चुलीकडे जायला हौसाबाईला भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून सरकावं लागे. असंच एकदा सरकताना पदर अडकला आणि जपानी कप खाली गेला. तो इतका नाजूक की त्याचा आवाजही नीट झाला नाही. हौसाबाई थांबली. एक तर घरात श्वास घेता येईल इतकीच जागा उरली होती, आणि या वेळी तिला पुरतं कळत होतं की कुठला शब्द बोलला तर काय होईल. ती खाली न बघताच म्हणाली, "वाढला."

कपाने चुलीची खोली घेतली. तोंड एका बाजूला, तळ पुतण्याच्या भिंतीकडे. खिडकीचा उजेड तोंडातून आत शिरला आणि तळाच्या बाईचा चेहरा उमटला. आता तो दारवंट्याएवढा होता.

पुतण्या विलास भिंतीपलीकडे राहायचा. संध्याकाळी तो दाराच्या फटीशी आला.

"काकी, तुमचा कप माझ्या भिंतीतनं आत आलाय. टीव्ही होता तिथं एक बाई दिसती."

"काय म्हणती?"

"कोण?"

"बाई."

"काय म्हणत न्हाई. नुसती बघती."

"मग बातम्यांपरीस बरीच की रं."

"चेष्टा नका करू, काकी. पोरं जेवताना तिच्याकडं बघत बसत्यात. फुटला म्हणा आणि मोकळ्या व्हा." मग त्यानेच जोरात म्हणून बघितलं, "फुटला. फुटली. सगळं फुटलं." काही झालं नाही. त्या घराला फक्त घरवालीचा शब्द कळत होता. विलास ओशाळला आणि आईला बोलवायला गेला.

विलासची आई अनसूया ही हौसाबाईची थोरली जाऊ. शिदू, म्हणजे हौसाबाईचा नवरा, गेल्यापासून ती हौसाबाईच्या घरात पाणीही प्यायली नव्हती. शिदूला नेलं त्या दिवशी अनसूयाच वरवंटा घेऊन आली होती. मागे भावकीतल्या बायका. "हात पुढं कर," ती म्हणाली होती, रीतीप्रमाणे, रडत रडतच. हौसाबाई दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. म्हणाली, "त्याच्यासाठी रडते की मी. पण बांगड्या त्यानं न्हाई भरल्या. मी कासाराफुडं बसून, माझ्या हातानं रंग निवडून भरल्यात. माझ्या घरात काय फुटायचं न्हाई." बायका उन्हं कलेपर्यंत बसल्या. हौसाबाईच्या पायांना मुंग्या आल्या, पण हात निघाले नाहीत. अनसूया वरवंटा परत घेऊन गेली, आणि त्या वरवंट्यावर तिने पुढे कधी चटणी वाटली नाही.

आता ती काठी टेकत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. फटीतून तिला हौसाबाईचा एक डोळा आणि अर्धा गाल दिसत होता. बाकी सगळं निळं.

"हौसा, लुगड्यावर भांडी देत हिंडलीस. आता भांड्यावर घर देतीस व्हय?"

"सौदा वाईट न्हाई, आक्का. घर गळतं. सुरई गळत न्हाई."

"मरशील आत."

"जागा झाली तर मरंन. आता आडवं व्हायलाबी जागा न्हाई."

अनसूया फटीच्या जवळ सरकली. मग तिने आवाज उतरवला. "अगं, त्या शब्दात वाईट काय हाय? झाडाला पालवी फुटती. आईला पान्हा फुटतो. मुक्याला वाचा फुटती. फुटल्याबिगर काय उगवतं का कधी?"

हौसाबाईला हे पटण्यासारखं वाटलं. तिने दोन क्षण त्यावर विचार केला, कारण थोरल्या जावेचं बोलणं असंच झटकून टाकायचं नसतं. तिच्या छातीशी सुरई इतकी भिडली होती की विचार करतानाही श्वास जपून घ्यावा लागत होता.

"ते आपलं आपण हुतं, आक्का," ती म्हणाली. "पालवीसमोर कुणी वरवंटा घेऊन उभं ऱ्हात न्हाई."

अनसूयाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "अजून त्येच धरून बसलीस?"

"मी हातच धरून बसले व्हते. तुम्ही सोडवायला आला व्हता."

"रीत व्हती गं. माझ्याबी हातावर कुणीतरी वरवंटा मारलाच की. मी न्हाई बसले हात लपवून. आमाला काय हौस न्हवती?" हे बोलताना अनसूयाने आपलं मोकळं मनगट फटीसमोर धरलं. "एकदा म्हण, हौसा. एकदाच. म्हंजी मग तुझंमाझं सारखं हुईल."

हौसाबाईला तेव्हा नीट कळलं की तिच्याकडे काय मागितलं जातंय. सुरईचे तुकडे कुणालाच नको होते. कारखानीसांना थोडे हवे होते, तेवढंच. तो शब्द एकदा या घरात बोलला गेला की सुरई फुटेल, कप फुटेल, हंडी फुटेल, आणि त्या दिवशी मांड्यांखाली जे धरून ठेवलं होतं तेही फुटेल. मग भावकीतल्या बायका आपापल्या घरी जातील. घरात भरपूर जागा होईल. त्या जागेत ती पाय पसरून झोपेल, आणि सकाळी कुणाची तरी विधवा म्हणून उठेल.

"न्हाई म्हणत," ती म्हणाली.

विलासने पहार आणली. शेजारपाजारचे जमले होते. कुणी म्हणालं अग्निशमनवाल्यांना बोलवा, कुणी म्हणालं त्यांच्याकडे सुरईसाठी काही नसतं. विलास खिडकीपाशी गेला. त्याला कुणाला दुखवायचं नव्हतं, त्याचा चेहराच तसा नव्हता.

"काकी, शेवटचं सांगतो. तुम्ही म्हणा, न्हाईतर मी फोडतो."

"फोड की. फोडणारा तू, म्हणणारी मी. बघू कुणाचं ऱ्हातं."

"आई, ही ऐकत न्हाई."

"ती कदी ऐकली न्हाई," अनसूया म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात तक्रार नेमकी कशाची होती ते कुणाला समजलं नाही.

विलासने पहार खिडकीतून आत घातली आणि रेटली. सुरई फुटली नाही. झोपेतलं माणूस कूस बदलतं तशी ती सावकाश वळली. पूल सरकत सरकत हौसाबाईसमोर आला, आणि छत्रीवाला म्हातारा आणि ती नाकाला नाक लावून उभे राहिले. तिचा खांदा सुरई आणि चौकटीच्या मध्ये आला. विलासने आणखी एकदा रेटलं.

आवाज लहानसाच झाला. कासाराच्या दुकानात दिवसातून कितीदा तरी होतो तसा. पण तो सगळ्यांनी ऐकला. विलासने पहार सोडून दिली.

हौसाबाईने मान वळवून बघितलं. तिच्याच हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत एक बारीक रेघ गेली होती. रक्त नव्हतं. दुखतही नव्हतं. रेघेच्या आत सगळं पांढरं होतं, स्वच्छ, चांगल्या भट्टीत भाजलेल्या मालासारखं.

 मग अनसूयाने विचारलं, "हौसा? काय फुटलं गं?" तिच्या आवाजात भीती होती, आणि थोडी आशाही होती.

हौसाबाईने गाल सुरईच्या थंडगार चकाकीला टेकवला. रेघ आता मानेवर चढत होती. घाई करायला हवी होती, पण तिने केली नाही. छातीत जेवढा श्वास मावत होता तेवढा घेतला.

"कायबी न्हाई, आक्का," ती म्हणाली. "मी वाढले."

आधी दार चौकटीसकट बाहेर आलं. अनसूया एक पाऊल मागे सरली, मग दुसरं. शेजारी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. छपरावरची कौलं एकेक करून उचलली जाऊ लागली, कढ आल्यावर झाकण उचललं जातं तशी, आणि त्यांच्या फटींतून पांढरं काहीतरी वर येऊ लागलं. विलासला ते आधी गवत वाटलं. मग वारा आला, ते दोन बाजूंना पडलं, आणि मधोमध सरळ भांग दिसला.