हूं-हूंच्या जागी

वालाचं साल अंगठ्याला चिकटून बसलेलं — झटकलं तरी सुटेना, आणि हरिचंद्र त्याच्याकडे असा पाहत राहिला, जणू सगळा घोटाळा त्या सालानेच केला होता. समोर ठमाबाई, त्याची बायको, बिरड्याचे वाल सोलता सोलता गुणगुणत होती. तेच गाणं.

‘नदी उतरून आयला गो, भिजला त्याचा धोतर... माझा हूं-हूं आयला गो, केलीचे बनाभीतर...’

नावाच्या जागी हूं-हूं. लग्न झाल्यापासून हूं-हूं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे काय हरिचंद्राला ठाऊक नव्हतं? शिरगावात कुठली बाई घेते? पण मग ते धोतर? त्याने जन्मात धोतर नेसलं नव्हतं; अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात धोतर नेसून कोणी उभं केलं असतं? आणि नदी... नदीत तो घोट्यापलीकडे कधी गेला नाही. वांगणीला मुलगी बघायला गेला तोही बैलगाडीतून, वर गाडी लागून वाटेत ओकला. म्हणजे नदी उतरून आला तो दुसराच. तिच्या माहेरचा जनू — आणखी कोण? पोहण्यात पटाईत, खांदे हे एवढे. आता त्या जनूचे दात गेले, टक्कल पडलं, हाक मारली तर ऐकू येत नाही. तरी गाण्यात मेला अजून तरणाताठाच... आणि मी इथे वाल सोलतोय!

उद्या पुतणीची हळद. ठमाबाई साऱ्या गावासमोर हेच म्हणणार. आज विचारलं नाही तर उद्या मांडवात तोंड कुठे लपवायचं?

“गो, त्या गान्यातला धोतर कोनाचा?”

“बाबांचा,” वालावरची नजर न काढता ती म्हणाली. “गाना आयचा हाय ना.”

सासऱ्यांचं! इतकी वर्षं तो सासऱ्यांच्या धोतरावर जळत होता.

“आन हूं-हूं?”

“आय म्हनं तवा बाबा. मी म्हनतंय तवा...” तिने सोललेला वाल त्याच्या अंगावर फेकला. “वाल सोला गुमान. म्हाताऱ्याला काय पन सुचतंय!”

तिचे कान लाल झाले का? सावळ्या कानांचं नीट कळत नाही... पण झाले असावेत. हरिचंद्राला हसू यायला हवं होतं, आलं नाही. जनू मनातून गेला तसं मोकळं वाटायच्या ऐवजी उघडं पडल्यासारखंच वाटलं. जनूवर रुसता तरी येत होतं, आता कुणावर रुसायचं? आणि मग ते लक्षात आलं — चुलीशी, विहिरीवर, भात लावताना, पोरांना निजवताना ही बाई आपल्यालाच हाक मारत होती. आणि आपण एकदाही ओ दिली नाही.

ती पुन्हा गुणगुणू लागली. नदी आली, धोतर भिजलं... पुढची ओळ जवळ येत चालली तशी त्याच्या घशात ओ येऊन अडकली, आणि या वयात, स्वतःच्याच ओटीवर, आपल्याच बायकोसमोर हरिचंद्र भलताच लाजला.